‘खारं राज्य’ आणि आजीचा आवाज

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज आमच्या टीमच्या प्रमुखाने, ऋतुराजने, सगळ्यांसमोर जाहीर केलं की बारा डिसेंबरला ‘खारं राज्य’ला वर्ष होतंय, त्याचा आढावा रुपालीने लिहावा. काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय टाळायचं. मी मान हलवली. मनात जे आलं ते इथेही लिहीत नाही.

गेल्या वर्षी मी ओरडून सांगत होते की दुसरा भाग घाईत उरकू नका. तेव्हा मला उचलून पत्त्यांच्या गेमवर टाकलं. आठ महिने मी पत्ते पिसल्याचे आणि पत्ता आपटल्याचे आवाज बनवले. आता लोकांनी शिव्या घातल्यावर त्यांना माझं मत हवंय. ऑफिसात माझ्याइतकं खरं कुणी लिहिणार नाही, असं तो वर हसत म्हणाला. बरोबर आहे. खरंच लिहिणार आहे.

सुरुवात अशी करीन, म्हणजे गेम न खेळलेल्या वरच्या साहेबांनाही कळेल. ‘सप्तबंदर’ हा आमचा ऑनलाइन गेम. एका वेळी हजारो लोक त्यात गलबतं हाकतात, व्यापार करतात, लढतात. ‘खारं राज्य’ हे त्याचं एक्स्पान्शन, म्हणजे जुन्या नकाशाला जोडलेला नवा मुलूख. पहिल्या भागात खाडीकाठचं मीठ पिकवणारं गाव. दुसऱ्या भागात सुकून गेलेलं मिठाचं आगर आणि तिथली डाकीण.

पहिल्या भागातल्या मीठवाल्या म्हातारीचा आवाज माझ्या आजीचा आहे. पूर्ण एक्स्पान्शनमध्ये लोकांनी एकमुखाने कशाचं कौतुक केलं असेल तर त्या आवाजाचं. ही कल्पना कुणाची होती हे कुठल्याच मुलाखतीत आलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज जमेच्या बाजू लिहिल्या. रागात असूनही लिहिताना छान वाटलं.

भरती-ओहोटी ही सगळ्यात मोठी. आम्ही गेममधलं पाणी खऱ्या खाडीच्या वेळापत्रकाला बांधलेलं. भरती आली तरच आगरात पाणी शिरणार, नाहीतर बांधावर बसून राहायचं. आधी सगळे म्हणाले, लोक कंटाळून निघून जातील. लोक बसले. अनोळखी माणसं बांधावर बसून गप्पा मारायला लागली. विठ्ठलवाडीच्या एका बाईंनी आम्हाला लिहिलेलं की भरतीची वाट बघत त्या भाकऱ्या टाकतात आणि बांधावरच्या तिघांना आज भाजी काय आहे ते सांगतात. लढाईच्या गेममध्ये असं कधी झालेलं का?

दुसरी बाजू म्हणजे आजी. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चार दिवस मी तिच्या खोलीत माइक लावून बसलेले. पंखा बंद, फ्रिज बंद, दोघी घामाने चिंब. ऑफिसचं काम आहे, एवढंच सांगितलेलं. तिने लहानपणापासूनचं सगळं सांगितलं. पहाटे आगरावर जायचं, फावड्याने मीठ ओढायचं, पायांना चिरा पडायच्या त्यांत खारं पाणी जायचं. मधेच गाणी म्हणाली. रसिकाने, म्हणजे आमच्या संवाद लिहिणाऱ्या मैत्रिणीने, त्यातूनच वाक्यं उचलली. डोंबिवलीच्या बँक कॉलनीत वाढलेली रसिका आमची बोली कुठून लिहिणार? ती स्वतःच तसं म्हणते, म्हणून मला ती आवडते.

उणीव म्हणजे दुसरा भाग. तो मी अजून खेळलेले नाही. ज्या कामावरून मला हाकललं ते विकत घेतल्यासारखं खेळत बसायचं, हे मला जमत नव्हतं. पण आढावा लिहायचा तर खेळावं लागेल.

शनिवार, ८ नोव्हेंबर



आज सुट्टीचा दिवस, म्हणून दुपारी ऑफिसात एकटीच खेळत बसले. सुकलेलं आगर बघायला चांगलं केलंय. त्याच्या मध्यावर डाकीण उभी असते. केस मोकळे, हातात मोडकं फावडं. आपण जवळ गेलो की जाड, खर्जातल्या आवाजात काहीतरी म्हणते आणि अंगावर येते. दोनदा मेले. तिसऱ्यांदा खेळणं सोडून फक्त ऐकत उभी राहिले.

‘ये’ म्हणताना ती श्वास आधी घेते. आमच्या घरात असा श्वास एकच माणूस घेतं.

मी तो आवाज सर्व्हरवरून उतरवून घेतला. कुणीतरी त्याची गती कमी केलेली, सूर खाली नेलेला, वर गुहेतल्यासारखा घुमारा घातलेला. एकेक थर उलटा करत गेले. शेवटी हेडफोनमध्ये आजी स्वच्छ म्हणाली, “ये ना रं बाला, बस. कवरा उनाचा आलास.”

हे ती शेजारच्या पोराला म्हणालेली. रेकॉर्डिंग चालू असताना तो दारात आला, तेव्हा. ते वाक्य मी कापून बाजूला, वेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं. डाकिणीची किंकाळी म्हणजे आजीचं हसणं आहे, ताणलेलं. आणि ती मरताना जो आवाज करते, तो आजीचा खोकला.

म्हणजे वर्षभर लाखो लोकांनी माझ्या आजीला तलवारीने मारलं आणि मारताना ती त्यांना ऊन लागलं असेल, बस म्हणत होती.

घरी आल्यावर चुलतबहीण करिश्माला सहज विचारलं, डाकिणीचा आवाज माहीत आहे का. ती कॉलेजात आहे. तिने लगेच गळा जाड करून “येऽऽ ना रं” काढून दाखवलं. कॉलेजात सगळे एकमेकांना असंच बोलावतात म्हणे. आजी दोन हात लांब बसून वाल सोलत होती. तिने मान वर केली, करिश्माकडे बघितलं आणि परत सोलायला लागली.

सोमवार, १० नोव्हेंबर

ऋतुराजच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही.

तो शांतपणे ऐकतो, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. म्हणाला, आवाज पक्के करायला तीनच आठवडे राहिलेले, डाकिणीसाठी आवाज देणारी बाई मिळाली नाही, होतं ते वापरलं. रेकॉर्डिंग कंपनीचं आहे. मी म्हटलं, माणूस कंपनीचं नाही. तो म्हणाला, “रुपाली, तुला विचारलेलं.”

मला कुणीही विचारलेलं नाही. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, मेल बघ. मी म्हटलं, बघायची गरज नाही, आजीच्या बाबतीत मला विचारलं असतं तर ते मी विसरेन का?

रसिकाला खाली चहाला नेलं. तिलाही धक्का बसला. तिने डाकिणीची अख्खी कहाणी लिहिलेली, ती आधी कोण होती, आगर का सुकलं, सगळं. वेळ नाही म्हणून ते गाळलं आणि नुसती मारणारी बाई ठेवली. गाळताना तिला साधा फोनही केला नाही. आम्ही दोघींनी तासभर त्या माणसाचा उद्धार केला.

आढाव्यात हे पहिल्या पानावर जाणार. परवानगीशिवाय. ठळक अक्षरांत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मेल शोधले नाहीत. दिवसभर काम होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शोधले. ऋतुराजचं खोटं सिद्ध करायला शोधले.

२७ ऑगस्ट २०२४, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. ऋतुराज लिहितो: ‘आजींच्या उरलेल्या रेकॉर्डिंगमधून दुसऱ्या भागातल्या एका पात्राला आवाज दिला तर चालेल का? थोडी प्रक्रिया करावी लागेल. त्यांना विचारून सांग.’

तीन वाजून चौदा मिनिटांनी माझं उत्तर: ‘चालेल. वेस्टचा फोल्डरपण घ्या हवा तर.’

चार मिनिटं.

मला पत्त्यांच्या गेमवर टाकून तेव्हा आठवडाच झालेला. मी प्रत्येक मेलला असंच तोडून उत्तर देत होते, हे मला आठवतं. हा मेल मात्र आठवत नाही. आणि त्याने ‘पात्र’ लिहिलंय, डाकीण लिहिलेलं नाही. डाकीण लिहिलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. त्याने मुद्दामच लिहिलं नसणार. हे त्याचं नेहमीचं आहे, अर्धं सांगायचं आणि पूर्ण होकार घ्यायचा.

रसिकाला अजून सांगितलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

धनेशकाकाला सांगितलं. मेलचं सोडून बाकी सगळं. काका घराच्या मधल्या मजल्यावर राहतो, आम्ही वर, आजी तळाला. काकाचा चेहरा लाल झाला. आपल्या आयला डाकीण करून ठेवली, उद्या गावातली पन्नास माणसं घेऊन तुझ्या ऑफिसच्या दारात उभा राहतो, म्हणाला. कोलशेतमध्ये धंदा करायचा आणि कोलशेतच्याच बाईची अशी अब्रू काढायची, हे खपवून घेणार नाही. ऐकून मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्याइतकं चिडलंय याचं बरं वाटलं.

मग मी विचारलं, आजीला कोण सांगणार. काका म्हणाला, तिला कशाला सांगायचं, तिला काय कळतंय त्यातलं, उगाच मनाला लावून घेईल. आपण बघून घेऊ.

मीही हो म्हटलं. जिन्यावरून वर येताना खालून आजीच्या रेडिओचा आवाज येत होता. मी थांबले नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज आजीला दाखवलं. आठवडाभर काका रोज विचारत होता, माणसं कधी आणू. गावातली पन्नास माणसं तिच्यासाठी भांडणार आणि आपण कुणासाठी भांडतोय हे तिलाच ठाऊक नाही, हे मला सकाळी दात घासताना एकदम विचित्र वाटलं. लॅपटॉप घेऊन खाली गेले.

पहिला भाग दाखवला तेव्हा तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं. स्वतःचा आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. मग चुका काढायला लागली. मीठवालीचे पाय तिने मला मोठे करून दाखवायला लावले. इतके गुळगुळीत पाय, ही बाई आगरावर एक दिवस तरी गेली आहे का, म्हणाली. नाकात नथ घालून मीठ कोण ओढतं? आणि गेममध्ये तेव्हा पाऊस पडत होता. पावसात आगर बंद असतं हे मी तिच्याकडूनच रेकॉर्ड केलेलं आणि तरी आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. भरती मात्र तिला पटली. पाणी बांधाला लागलं तेव्हा ती पुढे वाकून बघत होती. बरोबर येतंय, म्हणाली. दहा पानांचा माझा आढावा तिने वीस मिनिटांत केला.

मग दुसरा भाग लावला. आधी सांगून ठेवायचं ठरवलेलं, ते राहिलं. डाकीण बोलली. आजीचा हात लॅपटॉपवरून मागे गेला. तेवढ्यात दुसरे तीन खेळाडू आले आणि त्यांनी डाकिणीला मारायला सुरुवात केली. खोकल्याचा आवाज आला. मी बंद करायला गेले तर ती म्हणाली, रव दे.

संपल्यावर तिने विचारलं, “हिला मारतान कशाला?”

मी म्हटलं, ती डाकीण आहे.

“तिना काय केला?”

मी उत्तर शोधलं. रसिकाच्या कहाणीत होतं, पण ते गाळलेलं. गेममध्ये तिने काहीच केलेलं नाही. ती आपल्या आगरात उभी असते आणि लोक येतात.

“ती बस बोलते, ना त्ये मारतान,” आजी म्हणाली. मग म्हणाली, “तुना इचारलेला त्यांनी?”

एवढा वेळ मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिला सांगितलं. विचारलेलं, तुला विचारायलाही सांगितलेलं आणि मी चार मिनिटांत परस्पर हो म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिचं आगर विकलं गेलं, तेव्हाचं तिने मला सांगितलं. चार दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे तिने एकदाही काढलेलं नव्हतं. थोरला दीर तिला शिधापत्रिकेचं काम आहे म्हणून कचेरीत घेऊन गेला. तिने अंगठा दिला. महिनाभराने आगरावर गेली तर बांधावर डंपर उभे, मातीचा भराव चालू. ती तिथे दुपारपर्यंत बसून राहिली. डंपरवाल्याने तिला हटकलं, म्हातारे, मरशील, ऊठ. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

“तवा पन मना कोनी इचारला नाय,” एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

रविवार, २३ नोव्हेंबर

एक राहिलं. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

रेकॉर्डिंग झाल्यावर कंपनीचा संमतीचा कागद आलेला. मी तो ऑफिसातच भरला. आजीला कशाला त्रास. तिला लिहिता येत नाही, तेव्हा तिची सही कशी दिसते हे कुणालाच माहीत नाही. मी डाव्या हाताने ‘ठमाबाई’ लिहिलं. तेव्हा रसिका बाजूला होती, आम्ही हसलेलो.

दिराने निदान तिचा अंगठा तरी घेतला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ऋतुराजला सगळं सांगितलं, सहीसकट. त्याचा रंग उडाला. त्याने दार लावून घेतलं आणि अर्धा तास फोनवर होता. मग मला आत बोलावून म्हणाला की यातून चांगला मार्ग निघू शकतो. वर्षपूर्तीच्या कार्यक्रमात आजींचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. गेमच्या सुरुवातीलाच त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत. त्यांच्यावर छोटी फिल्म. डाकिणीचा आवाज बदलू, मीठवाली तशीच ठेवू, पायांसकट सुधारून. आणि कागदावर त्यांचा रीतसर अंगठा.

मला मान्य आहे की ऐकून डोळ्यांत पाणी आलं. हेच तर मला हवं होतं. नाव. वर्षभर सगळ्यांनी त्या आवाजाचं कौतुक केलं आणि तो कुणाचा हे कुणी सांगितलं नाही. आता ती स्टेजवर बसेल. तिला कुठली साडी नेसवायची याचा मी रिक्षात विचार करत होते. मोरपंखी. काकालाही कळवलं, तो म्हणाला, मग ठीक आहे, मी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणार.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ती नाही म्हणाली.

मी साडी, शाल, फिल्म, नाव, सगळं रंगवून सांगितलं. ती वाटाणे निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, तो आवाज माझा आहे ना? मी म्हटलं, हो, तुझाच. मग म्हणाली, मी सांगेन तसं करणार का? मी म्हटलं, अर्थात.

“मंग कारून टाका. सगला.”

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी परत समजावलं की डाकिणीचा आवाज जाणारच आहे, मीठवालीचा राहील, ते सगळ्यांना आवडतं. तिने मान हलवली. तो पण, म्हणाली. मी कारण विचारलं. तिने कारण दिलं नाही.

काकाही समजवायला आला. आय, मान मिळतोय, कशाला नाही म्हणतेस? त्यालाही तेच उत्तर.

सोमवार, १ डिसेंबर

दोन दिवस आजीवर चिडलेय. लिहायला लाज वाटते, पण चिडलेय.

त्या चार दिवसांत मी जे केलं ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे. तिचा श्वास, खोलीतली शांतता, लांबून ऐकू येणारा कोंबडा, एकेक गोष्ट मी जपून ठेवलेली. लोकांनी या आवाजासाठी आम्हाला पत्रं लिहिली. विठ्ठलवाडीच्या त्या बाई रोज मीठवालीला भेटून जातात. हे सगळं काढायचं, कशासाठी? एक्स्पान्शनमध्ये जे खरं होतं तेवढंच निघून जाणार आणि भंगार तेवढं राहणार. तिला कारण तरी सांगता यायला हवं.

रसिकाला फोन केला. तीही माझ्यासारखी चिडेल असं वाटलेलं. ती म्हणाली, “कारण दिलं नाही तर नकार चालत नाही का?”

मी फोन ठेवला. तासाभराने परत केला आणि मेलचं, सहीचं, सगळं तिला सांगितलं. सही तिला आठवत होती. आम्ही हसलेलो तेही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आढावा वाचून दाखवला. दहा पानांची सात झाली.

जमेची बाजू म्हणून भरती-ओहोटी ठेवली आणि लिहिलं की खेळाडूंना थांबायला लावलं तर ते एकमेकांशी बोलतात, पुढच्या एक्स्पान्शनमध्ये हे विसरू नका. उणिवांत पाऊस, नथ, पाय, ठमाबाईंच्या नावासकट. दुसऱ्या भागाबद्दल लिहिलं की शत्रू का चिडला आहे हे आपण सांगितलंच नाही, म्हणून मारण्यापलीकडे खेळाडूला तिथे काही करता येत नाही. आणि शेवटचं पान संमतीबद्दल. त्यात २७ ऑगस्टचा मेल आणि माझं उत्तर, दोन्ही जसंच्या तसं. सहीचंही, आणि आजीचा नकारही.

वरच्या साहेबांनी विचारलं की बाईंचा आवाज काढला तर खेळाडू किती नाराज होतील. मी म्हटलं, खूप. त्यांनी ऋतुराजकडे बघितलं. ऋतुराज म्हणाला की कागद खोटा आहे, म्हणजे आपल्याकडे दुसरा इलाजच नाही. माझी बाजू घेतोय की माझ्यावर ढकलतोय ते कळलं नाही. खरं तर दोन्ही एकच होतं.

मला ताकीद मिळाली आणि पुढच्या एक्स्पान्शनवरून काढलं. सोमवारपासून परत पत्ते. ऋतुराजनेही मेल ‘पात्र’ म्हणून धूर्तपणे लिहिलेला, तीन आठवड्यांत दुसऱ्या भागाचे आवाज उरकायचं वरच्यांनी ठरवलेलं, त्यांतल्या कुणाला ताकीद नाही. हे अन्यायाचंच आहे आणि मी ते तसंच म्हणणार. माझी सही खोटी होती म्हणून त्यांची घाई खरी ठरत नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

आज अपडेट गेलं. मीठवालीला आता एका शिकलेल्या नटीचा आवाज आहे. गोड आहे. डाकिणीला आवाजच नाही, ती नुसती फावडं घेऊन उभी असते.

दुपारपर्यंत आठशे तक्रारी. कंपनीने म्हातारीला हाकललं. कंपनीने गावाचा आत्मा मारला. पैसे वाचवायला खऱ्या माणसाला काढलं. एकाने लिहिलंय, ‘ज्याने हे ठरवलं त्याला आजी नसणार.’ मी उत्तर लिहायला घेतलं. सांगावंसं वाटत होतं की तुम्हाला हाकलल्यासारखं वाटतंय, ती स्वतः उठून गेली आहे. लिहिलं, वाचलं, पुसलं. ते सांगायलाही तिला विचारावं लागेल.

विठ्ठलवाडीच्या बाईंनी फक्त एवढं लिहिलंय की आज त्या बांधावर बसल्या नाहीत.

रविवार, ११ जानेवारी

आजीला सांगितलं की काढलं. सगळं ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि जिना चढून वर आले.

वर येऊन बसवेना. चार दिवसांचं मूळ रेकॉर्डिंग माझ्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर आहे. कंपनीचं नाही, कुणाला माहीत नाही. तिला कधी कळणारही नाही. परत खाली गेले आणि सांगितलं की एक प्रत माझ्याकडे आहे. ठेवू की पुसू, तू सांग.

तिने विचारलं, किती आहे. मी म्हटलं, अकरा तास. एवढी बडबड केली का मी, म्हणाली. मग म्हणाली, “आयकव आदी.”

मी लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मधेच एका ठिकाणी तिने स्वतःच्याच बोलण्याला हुंकार दिला. एका ठिकाणी खोटं आहे, असं झालं नव्हतं, म्हणाली आणि पुढे ऐकू लागली. चाळीसएक मिनिटांनी हात वर करून थांबवलं. आज पुरे, भाजी निवडायची आहे. बाकीचं ऐकून मग सांगते.

गुरुवार, १५ जानेवारी

रोज ऑफिसातून आल्यावर तासभर ऐकवते. अर्धं झालं. काय ठरवलं ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.